दूषित जमीन, करसवलत आणि भावाचे गणित

कारखाना बंद पडला की यंत्रे भंगारात जातात, कामगार दुसरे काम शोधतात, पत्रे आणि अँगल विकले जातात. जागेच्या कागदावर मालकाचे नाव तेवढे राहते. मातीत जे उतरले ते मात्र कुठल्याच उताऱ्यावर येत नाही. सात-बारावर पिकाचा रकाना आहे, विहिरीची नोंद आहे, बोजाही चढवता येतो; पण वीस वर्षे तिथे शिसे वितळवले जात होते, हे सांगणारी ओळ नाही.

अशी जागा पुन्हा वापरात आणायची तर आधी ती साफ करावी लागते आणि साफ करण्याचा खर्च कधी कधी जमिनीच्या किमतीलाही मागे टाकतो. मग तो खर्च कोणी करायचा? अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांनी त्यावर एक युक्ती काढली. जो ही जागा साफ करून दाखवेल त्याला सरकार करात सूट देते. आपल्याकडे अशी सूट अजून नाही. पण दूषित जागांविषयीचे स्वतंत्र नियम २०२५ मध्ये आले आहेत, त्यामुळे हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. ही करसवलत चालते कशी, कुठे फसते आणि परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडसारख्या गोदाकाठच्या तालुक्याच्या गावाला तिचा कितपत उपयोग, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

समजायला सोपे जावे म्हणून एक भूखंड डोळ्यांसमोर ठेवू. तो पूर्णपणे काल्पनिक आहे. गावातल्या कुठल्याही खऱ्या जागेशी त्याचा संबंध जोडू नये. चार एकर जागा, तिच्या एका कोपऱ्यात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याची भट्टी होती. भट्टी बंद पडून दहा वर्षे झाली. साधारण वीस गुंठ्यांतली माती दूषित आहे.

मातीत उतरते ते सगळे सारखे नसते

प्रदूषण म्हणजे प्रदूषण, असे म्हणून चालत नाही. कोणता पदार्थ आहे त्यावर तो कुठवर पोचला असेल, काढता येईल का आणि काढायला किती पैसे लागतील, हे सगळे ठरते.

शिसे मातीच्या कणांना धरून बसते. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण भरपूर, त्यामुळे तिची ही धरून ठेवण्याची ताकदही मोठी. म्हणून शिसे बहुधा वरच्या थरातच सापडते. ते कुजत नाही, उडून जात नाही, कितीही वर्षे गेली तरी तिथेच राहते. धोका असतो तो धुळीचा. तिथे खेळणाऱ्या मुलांच्या हाताला लागून ते पोटात जाते आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो.

क्रोमियमची तऱ्हा वेगळी. मुलामा देण्याच्या कारखान्यांतून येणारे सहा संयुजेचे क्रोमियम पाण्याबरोबर सहज सरकते आणि विहिरीत पोचते. तेच तीन संयुजेच्या रूपात असेल तर बऱ्यापैकी जागेवर बसते. डिझेल, क्रूड यांसारखी तेले खाली झिरपतात, पण जिवाणू त्यांना हळूहळू खाऊ शकतात. पाऱ्याची वाफ होते.

मराठवाड्याच्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. काळी माती ओली झाली की फुगते, आणि चैत्र-वैशाखात तिला हात-हातभर खोल भेगा पडतात. एरवी जी माती पाण्याला अडवते, तीच पहिल्या वळवाचे पाणी भेगांतून सरळ खाली सोडते. खाली बेसॉल्टचा खडक. त्यात पाणी वाळूसारखे सगळीकडे सारखे पसरत नाही, ते फटींतून वाहते. म्हणून एका बोअरचे पाणी स्वच्छ आणि पन्नास पावलांवरच्या दुसऱ्याचे खराब, असे होऊ शकते. एक-दोन नमुने घेऊन ‘पाणी चांगले आहे’ असा निर्वाळा इथे देता येत नाही.

साफ करणे म्हणजे नेमके काय

पहिले काम कागदांचे. जागेवर आधी कोणता धंदा होता, कच्चा माल काय यायचा, सांडपाणी कुठे सोडायचे, हे शोधायचे. दुसरे काम नमुन्यांचे. जागेवर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीत वेगवेगळ्या खोलीवरची माती काढायची, आसपासच्या विहिरी-बोअरचे पाणी घ्यायचे आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचे. त्यातून दूषित भागाचा नकाशा तयार होतो.

मग उपाय निवडायचा. माती खणून घातक कचऱ्याच्या विल्हेवाट केंद्रावर नेता येते. चुना किंवा फॉस्फेट मिसळून शिसे जागच्या जागी बांधून टाकता येते. वरून जाड थर घालून जागा झाकता येते. तेलासाठी जिवाणू वापरता येतात. दिल्लीच्या टेरी संस्थेने तयार केलेले ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचे मिश्रण त्यासाठीच आहे. भूजल बिघडले असेल तर ते उपसून शुद्ध करावे लागते आणि त्याला कित्येक वर्षे लागतात.

आपल्या भूखंडाचा हिशेब मांडू. वीस गुंठे म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. एक मीटर खोल खणले तर २,००० घनमीटर माती. घनमीटरला १.६ टन धरले तर ३,२०० टन. सोळा टनांच्या ट्रकने नेली तर २०० खेपा. राज्यातली घातक कचऱ्याची सामाईक केंद्रे रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत. गंगाखेडहून कोणतेही धरले तरी अंतर शेकडो किलोमीटर. खणणे, वाहतूक, केंद्राचे शुल्क आणि चांगली माती आणून भरणे, असे सगळे मिळून टनाला ५,००० रुपये लागतील असे गृहीत धरू. हा आकडा केवळ उदाहरणासाठी. १ कोटी ६० लाख झाले. तपासणीचे १० लाख धरून एकूण १ कोटी ७० लाख.

झाकून टाकण्याचा पर्याय याहून पुष्कळ स्वस्त पडतो, पण त्यात शिसे तिथेच राहते. मग त्या जागेवर बोअर घ्यायचा नाही, तळघर खणायचे नाही, बालवाडी बांधायची नाही, अशी बंधने कायमची चिकटतात. ती पुढच्या खरेदीदाराला कळावीत म्हणून नोंदवावी लागतात.

किती स्वच्छ म्हणजे पुरेसे स्वच्छ, हाही वादाचा मुद्दा असतो. तामिळनाडूतल्या कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला. तिथल्या मातीत पारा किती राहिलेला चालेल, यावर त्यानंतर वर्षानुवर्षे भांडण चालले. एक किलो मातीत २० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली, तेव्हा ती फार सैल आहे असे कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. मर्यादा जितकी कडक, खर्च तितका जास्त. करसवलतीचा हिशेब करताना हा धागा हातात धरून ठेवायचा.

वजावट वेगळी, क्रेडिट वेगळे

करसवलत हा शब्द आपण सैलपणे वापरतो. त्यात दोन अगदी निराळ्या गोष्टी येतात.

वजावट उत्पन्नातून होते. एखाद्या कंपनीचा कराचा दर २५ टक्के असेल आणि तिने १०० रुपये खर्च करून ते उत्पन्नातून वजा केले, तर तिचा कर २५ रुपयांनी कमी होतो. उरलेले ७५ तिच्याच खिशातले. क्रेडिट मात्र थेट करातून वजा होते. १०० रुपयांच्या खर्चावर ५० टक्के क्रेडिट असेल तर भरायच्या करातून सरळ ५० रुपये कमी होतात, मग दर काहीही असो.

वजावटीतही एक खोच आहे. धंद्याचा रोजचा खर्च त्याच वर्षी वजा होतो. पण विकत घेतलेली जमीन सुधारण्यासाठी केलेला खर्च भांडवली ठरतो आणि जमिनीच्या किमतीत मिसळला जातो. यंत्रावर दरवर्षी घसारा मिळतो, जमिनीवर मिळत नाही. म्हणजे आज १ कोटी ७० लाख खर्च करणाऱ्याला कराचा काही फायदा झालाच तर तो पुढे कधी जमीन विकली तरच.

अमेरिकेत या नियमातून मोठा विचित्र न्याय निघाला होता. तिथल्या महसूल खात्याने १९९४ मध्ये स्पष्ट केले की, स्वतःच्या धंद्यातून स्वतःचीच जमीन खराब करणाऱ्याने ती साफ केली तर तो खर्च त्याच वर्षी वजा करता येईल. पण खराब झालेली जमीन विकत घेऊन साफ करणाऱ्याने तो खर्च जमिनीच्या किमतीत धरायचा. ज्याने घाण केली त्याला लगेच वजावट, आणि ज्याने निस्तरली त्याला ताटकळणे. १९९७ च्या कर कायद्यात १९८ व्या कलमाने हा भेद दूर केला आणि खरेदीदारालाही त्याच वर्षी वजावट मिळू लागली. ती सोय २०११ अखेर संपली.

घाण तीच, भाव तीन

आता क्रेडिटचा खरा परिणाम कुठे होतो ते पाहू. आपला काल्पनिक भूखंड तसाच्या तसा तीन ठिकाणी ठेवू. साफसफाईचा खर्च सगळीकडे १ कोटी ७० लाख, क्रेडिट ५० टक्के म्हणजे ८५ लाख.

पहिले ठिकाण मोठ्या शहरालगतचे. साफ झालेल्या जागेचा भाव २० कोटी. इथे खरेदीदार १ कोटी ७० लाखांसाठी अडून बसणार नाही. क्रेडिट असो वा नसो, जागा साफ होणारच. सरकारने दिलेले ८५ लाख म्हणजे त्याच्या नफ्यावरचे तूप.

दुसरे ठिकाण मध्यम गावातले, रस्त्याला लागून. साफ जागेचा भाव २ कोटी. मालक आहे त्या स्थितीत ६० लाख मागतो. खरेदी आणि सफाई मिळून २ कोटी ३० लाख होतात. तीस लाखांचा तोटा. कोणी हात लावत नाही. क्रेडिट मिळाले तर एकूण खर्च १ कोटी ४५ लाखांवर येतो आणि ५५ लाख सुटतात. इथे क्रेडिटमुळेच काम होते.

तिसरे ठिकाण गावाबाहेरचे. साफ जागेचा भावच ६० लाख. मालकाने जमीन फुकट दिली, क्रेडिटही मिळाले, तरी ८५ लाख खर्चून ६० लाखांची वस्तू हाती येते. इथे क्रेडिटने काहीही हलत नाही.

म्हणजे करसवलत मधल्या पट्ट्यातच काम करते. महाग जमिनीवर ती वाया जाते, स्वस्त जमिनीवर ती पुरत नाही.

त्यात आणखी एक अट दडलेली आहे. क्रेडिट घेणाऱ्याला भरायला तेवढा कर असला पाहिजे. ज्या छोट्या व्यावसायिकाचा वर्षाचा कर दोन-तीन लाख आहे, त्याने ८५ लाखांच्या क्रेडिटचे काय करायचे? म्हणून कायद्यात ते परताव्याच्या रूपात रोख द्यावे लागते किंवा दुसऱ्या करदात्याला विकण्याची मुभा द्यावी लागते. तरीही पैसे येतात ते काम झाल्यावर. तोवर ट्रकवाल्याला, प्रयोगशाळेला, मजुरांना द्यायचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न बँकेच्या दारात जातो. आणि दूषित जमीन तारण घ्यायला बँक सहसा राजी नसते.

ज्यांनी करून पाहिले

न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स गावी ‘लव्ह कॅनाल’ नावाचा अर्धवट कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला आणि नंतर ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. वर शाळा झाली, भोवती घरे झाली. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यातून १९८० मध्ये ‘सुपरफंड’ नावाने ओळखला जाणारा कडक कायदा आला. जमिनीचा आजचा मालकही सफाईसाठी जबाबदार धरला जाऊ लागला. हेतू योग्य होता, पण जुन्या कारखान्यांच्या जागा घ्यायला लोक घाबरू लागले आणि गावोगाव त्या ओस पडल्या. करसवलती आल्या त्या ही भीती कमी करण्यासाठी. २००२ च्या कायद्याने निर्दोष खरेदीदाराला जबाबदारीतून संरक्षणही दिले.

मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९८ मध्ये जी योजना आणली तिच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. प्रदूषण ज्याने केले त्याला सवलत नाही. जागा आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या भागात हवी. सफाईचा खर्च जागेच्या मूल्यांकनाच्या किमान १५ टक्के हवा. वापरावर कुठलेही बंधन न राहता जागा साफ झाली तर खर्चाच्या ५० टक्के क्रेडिट. बंधने ठेवून झाली तर २५ टक्के. म्हणजे झाकून टाकणाऱ्याला निम्मे, उपसून काढणाऱ्याला पूर्ण. २००६ पासून हे क्रेडिट दुसऱ्याला विकताही येऊ लागले.

न्यूयॉर्कने २००३ मध्ये हात सैल सोडला आणि ते त्याला महागात पडले. तिथे जागेच्या तयारीवर तर क्रेडिट होतेच, शिवाय नंतर त्यावर उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या खर्चावरही होते. परिणाम असा की थोडीशी माती साफ करून वर प्रचंड इमारत बांधणाऱ्याला सर्वांत मोठी रक्कम मिळू लागली. २००८ मध्ये कायदा बदलला. इमारतीवरच्या क्रेडिटला मर्यादा आली: साडेतीन कोटी डॉलर किंवा सफाई-तयारीच्या खर्चाच्या तिप्पट, यांतली लहान रक्कम, कारखान्यांसाठी मर्यादा थोडी सैल. आणि जागा जितकी जास्त स्वच्छ, त्या प्रमाणात तयारीच्या खर्चावर २२ पासून ५० टक्क्यांपर्यंत क्रेडिट. २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहरासाठी आणखी गाळणी लागली. इमारतीवरचे क्रेडिट हवे तर परवडणारी घरे बांधणे अशा काही अटींपैकी एक तरी पुरी करावी लागते. त्यांतली एक अट अशी की, तपासणी आणि सफाईचा खर्च स्वच्छ जमिनीच्या किमतीच्या किमान ७५ टक्के असला पाहिजे. वरच्या उदाहरणातले पहिले ठिकाण बाजूला काढायचे आणि दुसरे आत घ्यायचे, यासाठीच ही अट आहे.

ब्रिटनने २००१ पासून कंपन्यांना सफाईच्या १०० पौंड खर्चावर १५० पौंडांची वजावट दिली. कंपनी तोट्यात असेल तर ती वजावट सरकारला परत देऊन तिच्या १६ टक्के रोख घेता येते. प्रदूषण स्वतः करणाऱ्याला इथेही दार बंद.

अमेरिकी राज्यांच्या या योजनांत एक खिळा समान आहे. ‘जागा साफ झाली’ असा दाखला देणारा कोणीतरी हवा. न्यूयॉर्कमध्ये राज्याचे पर्यावरण खाते पूर्णतेचा दाखला देते. मॅसॅच्युसेट्समध्ये परवानाधारक तज्ज्ञ मत देतो आणि त्यावर सरकारची नजर असते. दाखला नाही तर क्रेडिट नाही.

आपल्याकडे आज काय आहे

आपल्याकडची वाट बक्षिसाची नाही, भरपाईची आहे. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावी एच-ॲसिड तयार करणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी नासले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये निकाल दिला: ज्याने प्रदूषण केले त्यानेच सफाईचा खर्च द्यायचा. रक्कम ठरली ३७ कोटी ३८ लाखांच्या घरात. ती भरली गेली नाही, म्हणून २०११ मध्ये न्यायालयाला १२ टक्के चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला. तत्त्व पक्के होते. पण पंधरा वर्षे पैसा आला नाही, म्हणजे त्या पैशातून व्हायची सफाईही झाली नाही.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यांचा क्रम असा: जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची माहिती द्यायची. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने किंवा नेमलेल्या तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. त्यानंतर तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत १८९ रसायने नोंदलेली आहेत. त्यांतली सुरक्षित पातळीपलीकडे आढळली तर जागा दूषित म्हणून जाहीर होते आणि तिथे जाण्या-येण्यावर बंधने येतात. मग तज्ज्ञ संस्था सफाईची योजना आखते. जबाबदार कोण हे मंडळाने ९० दिवसांत शोधायचे. तो सापडला तर खर्च त्याचा. नाही तर केंद्र आणि राज्य सरकारने व्यवस्था करायची. तपासणीला मुदती आहेत; सफाई कधी पूर्ण व्हावी याला मात्र मुदत नाही. नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि जेमतेम सात ठिकाणी काम सुरू झाले होते.

या नियमांच्या कक्षेत सगळेच येत नाही. किरणोत्सारी कचरा, खाणी, समुद्रातली तेलगळती आणि गावच्या कचऱ्याचे ढीग यांना वेगळे कायदे आहेत. चालू कारखान्याचे सांडपाणी, मग तो साखरेचा असो वा मद्यार्काचा, १९७४ च्या जल कायद्याखाली बघितले जाते. गंगाखेडहून रेल्वेने निघालो की पुढे परळी येते. तिथल्या औष्णिक वीजकेंद्रासारख्या ठिकाणच्या राखेसाठी ३१ डिसेंबर २०२१ ची अधिसूचना आहे. तिचा हिशेब नेमका उलटा: वापरात न आलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई, आणि साठलेली जुनी राख दहा वर्षांत वापरायची. साफ करणाऱ्याला देण्याऐवजी न करणाऱ्याकडून घेणे, हाही एक मार्गच आहे. मात्र त्यासाठी वसूल करता येईल असा चालू कारखाना समोर असावा लागतो. बंद पडलेल्या भट्टीचा मालक सापडतच नसेल तर घ्यायचे कोणाकडून?

२०२३ च्या ग्रीन क्रेडिट नियमांतले ‘क्रेडिट’ हे कराचे नाही, तेव्हा त्यावरून गैरसमज नको.

पुनर्विकासासाठी महाराष्ट्राने आजवर वापरलेले हत्यार कर नसून चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाचा हक्क, आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने खुल्या झाल्या: साधारणपणे एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी आक्रसली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. सगळे भांडण जमिनीच्या वाटणीचे होते, कारण भाव प्रचंड होता. मातीत कापड रंगवण्याच्या खात्यातले काय उतरले, हा त्या भांडणाचा विषय नव्हता.

गंगाखेडला काय बसेल

उद्या दिल्लीने ५० टक्के क्रेडिट जाहीर केले, तर त्याचा लाभ प्रथम कुठे जाईल? ठाणे, पुणे, तारापूरकडे. तिथे भावही आहे आणि कर भरणाऱ्या मोठ्या कंपन्याही. २०१८ च्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत वर होते, तेव्हा गरज तिथेही आहेच. पण गंगाखेडच्या वाट्याला काही यायचे तर योजनेची बांधणीच वेगळी हवी.

बाजारपेठेजवळचा किंवा स्थानकाजवळचा भूखंड दुसऱ्या प्रकारात मोडू शकतो. तिथे क्रेडिट चालेल, मात्र ते रोख परताव्याचे किंवा विकता येण्याजोगे हवे. राज्याकडे याला जवळची एक सोय आधीच आहे. सामूहिक प्रोत्साहन योजनेत मागास तालुक्यांतल्या उद्योगांना राज्याचा वस्तू व सेवा कर काही वर्षे परत मिळतो. दूषित जागा साफ करून तिथे उद्योग उभारणाऱ्याला हा परतावा वाढवून देता येईल. त्यासाठी नवा कर कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरेल. एक काळजी घ्यायची: वाढीव परतावा सफाईच्या सिद्ध झालेल्या खर्चाशी बांधलेला हवा, इमारतीच्या खर्चाशी नाही. न्यूयॉर्कची ही चूक करून झाली आहे.

मुद्रांक शुल्क आणि घरपट्टीतल्या सवलतीही सुचवल्या जातात. सहा टक्के शुल्क धरले तर ६० लाखांच्या खरेदीवर ते ३ लाख ६० हजार होते. समोर खर्च १ कोटी ७० लाखांचा. अशी माफी भर म्हणून ठीक. निदान एवढे तरी व्हावे, की साफ जागेच्या रेडी रेकनर दराने दूषित जागेवर शुल्क लागू नये. वाढीव चटईक्षेत्राचाही इथे उपयोग नाही, कारण जिथे दोन मजल्यांच्या वर मागणी नाही तिथे आणखी मजल्यांचा हक्क कोण विकत घेणार?

गावाबाहेरच्या तिसऱ्या प्रकारच्या भूखंडाला करसवलतीने हात पुरत नाही हे आकड्यांनीच सांगितले. तिथे सरळ सरकारी खर्च हवा, आणि नियमांत त्याची तरतूद आहे. शिवाय अशा जागेला राहण्यायोग्य करण्याचा हट्ट सोडला तर खर्च खाली येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये दूषित जागांवर सौर पॅनेल बसवण्याला उत्तेजन देणारा कार्यक्रम सुरू केला. झाकलेल्या मातीवर पॅनेल चालतात, तिथे मुले खेळत नाहीत आणि पीकही येत नाही. मराठवाड्यात उन्हाची वाण नाही. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरवर्षी तीन टक्के वाढ असा दर आहे. त्या दराने चार एकरांचे, म्हणजे सुमारे १.६ हेक्टरचे, पहिल्या वर्षी दोन लाखांच्या आसपास होतात. एवढ्यातून सफाई निघत नाही; पण माती बांधून झाकण्याचा खर्च सरकारने उचलला तर देखभाल आणि विहिरींची वार्षिक तपासणी त्यातून भागू शकते.

जागा घेण्याआधी

धोरण येईल तेव्हा येईल. आज बंद कारखान्याची जागा कोणी घेत असेल तर त्याला काही गोष्टी स्वतःच करता येतात. आधीच्या कारखान्याचे प्रदूषण मंडळाचे संमतीपत्र आणि घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रे मालकाकडे मागावीत. तो देत नसेल तर माहितीच्या अधिकारात मंडळाकडून मिळवावीत. जुन्या कामगारांशी बोलावे, कारण गाळ कुठे टाकला जायचा हे कागदापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते. इसार देण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून माती आणि पाणी तपासून घ्यावे. पाण्याचे नमुने उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा घ्यावेत. करारपत्रात प्रदूषणाच्या जबाबदारीचे कलम घालून घ्यावे.

आणि जागेत काही सापडले तर ते दडपू नये. जिल्हाधिकारी, नगरपरिषद आणि प्रदूषण मंडळ यांना लेखी कळवून पोच घ्यावी. भाव पडेल म्हणून लोक गप्प बसतात, हे समजण्यासारखे आहे. पण उद्या करसवलत आली, सरकारी खर्चाने सफाई ठरली किंवा न्यायालयात भरपाई मागायची वेळ आली, तरी तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जाईल: ही जागा यादीत आहे का? सहामाही यादीत परभणी जिल्ह्यातून काय जाते, हे ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत विचारण्याचा हक्क आजही आहे. त्यासाठी कुठल्याही अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागत नाही.